रस्ता बंद व्हायच्या आधी: कोल्हापूरच्या पुरात मदत पोचवणाऱ्या नवख्यांसाठी

२०१९ च्या ऑगस्टात आमच्या तालमीनं भरलेला ट्रक शिरोलीच्या अलीकडे पाच दिवस उभा राहिला. आत तांदूळ, बिस्किटं, पाण्याचे बॉक्स आणि कुणीतरी हौसेनं दिलेली चाळीस किलो वांगी. जायचं होतं शिरोळ तालुक्यात. रात्रभर जागून माल भरला, सकाळी नारळ फोडला, फोटो काढले आणि गाडी सोडली. तोवर पुणे-बंगळूर महामार्गावर पंचगंगेचं पाणी येऊन बराच वेळ झाला होता. ते आम्हाला कळलं तावडे हॉटेलच्या चौकात. पाचव्या दिवशी ड्रायव्हरचा फोन आला, "दादा, वांगी टाकू काय? केबिनमध्ये बसवंना झालंय."

माझा धंदा हुंडेकरीचा. माल एका गावातून उचलायचा आणि दुसऱ्या गावात वेळेत उतरवायचा, एवढंच मला येतं. आणि त्यातच मी चुकलो होतो. कोल्हापुरात देणाऱ्या हातांची टंचाई कधीच नसते. एक फोन केला की पोत्यांची थप्पी लागते. अडतं ते पुढं. महापुरात सामान पाठवायचं नसतं, ते आधीच पलीकडे ठेवायचं असतं. पुढं जे लिहिलंय ते तालमीत, मंडळात, कॉलेजच्या गटात पहिल्यांदा या कामाला लागणाऱ्या पोरापोरींसाठी आहे. पूर साधारण जुलैच्या शेवटापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत येतो, म्हणून कामाला सुरुवात एप्रिल-मे महिन्यात करायची.

पायरी पहिली: पाणी वाचायला शिका

कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, जुलै २०२४ मध्ये ४७ च्या पुढे. हे आकडे शहरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात. पण गाडी कधी सोडायची ते नुसत्या आकड्यावरून ठरत नाही, पाणी किती वेगानं चढतंय यावरून ठरतं. एक साधी वही करा. दर तीन तासांनी जाहीर झालेली पातळी आणि वेळ लिहा. तासाला दोन इंच पाणी चढत असेल, तर ३९ वरून ४३ ला जायला चोवीस तास लागतील. चार इंच चढत असेल, तर बाराच तास. एवढं गणित ज्याला येतं त्याच्या हातात गाड्यांची सूत्रं द्या.

दुसरी नजर राधानगरी धरणावर. तिथले सात दरवाजे स्वयंचलित आहेत, तलाव भरला की आपोआप उघडतात. एका दरवाज्यातून १,४२८ क्युसेक पाणी येतं, म्हणजे सातही उघडले की दहा हजारांच्या घरात. तिसरी नजर गगनबावडा, शाहूवाडी, पन्हाळा, राधानगरी इथल्या पावसावर. भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी या नद्या प्रयाग चिखलीपर्यंत एकत्र येतात आणि तिथून पुढं पंचगंगा. त्यामुळे शहरात लख्ख ऊन पडलेलं असतं, लोक पंचगंगा घाटाकडे पाणी बघायला निघालेले असतात, आणि पाणी मात्र चढतच असतं. उन्हावर विश्वास ठेवून गाडी थांबवू नका.

शिरोळचं घड्याळ वेगळं आहे. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णाच तुडुंब असेल तर पंचगंगेच्या पाण्याला जायला वाट उरत नाही. तिथलं पाणी कोयना धरणाच्या विसर्गावरही अवलंबून. म्हणून शिरोळसाठी काम करणाऱ्यांनी सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळीही वहीत लिहावी: ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. कोल्हापुरात पाणी उतरू लागलं म्हणजे कुरुंदवाड सुटलं असं होत नाही. तिथं ते उशिरा येतं आणि जास्त दिवस ठिय्या मारून बसतं.

जुन्या माणसांची खूण वेगळी असते. शिवाजी पुलापाशी पाणी ठराविक जागी टेकलं की ते म्हणतात, "मच्छिंद्री झाली." हे ऐकलं की पेठेतली माणसं सामान माळ्यावर चढवायला लागतात. पण मदतीच्या कामात मच्छिंद्रीची वाट बघायची नाही. तेव्हा आपला माल पलीकडे पोचून दोन दिवस झालेले असले पाहिजेत.

पायरी दुसरी: जिल्ह्याची बेटं काढा

मोठा कागदी नकाशा घ्या. मोबाइलवर दिसतो, पण दहा जणांना एकदम बघता येत नाही आणि त्याची बॅटरी संपते. त्यावर लाल पेननं पाणी येणाऱ्या जागा मारा. रत्नागिरी रस्त्यावर केर्ली. गगनबावडा रस्त्यावर मांडुकली, किरवे, लोंघे. कसबा बावडा ते शिये. महामार्गावर शिरोली. मग आपल्या भागातले बंधारे. ज्याला सगळीकडे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात तो इथलाच, आणि आपल्याकडे तो निम्म्या गावांचा रस्ताही असतो. बातमीत "इतके बंधारे पाण्याखाली" असं येतं तेव्हा त्याचा अर्थ तितक्या वाटा बंद झाल्या, असा घ्यायचा.

लाल खुणा झाल्या की नकाशाकडे जरा लांबून बघा. जिल्ह्याचे तुकडे पडलेले दिसतात. शहर आणि दक्षिणेचा भाग एक. नदीपलीकडे शिरोली-हातकणंगले दुसरं. केर्लीच्या पुढचा पन्हाळा तिसरं. गगनबावड्याची बाजू चौथं. शिरोळमध्ये तर बेटात बेटं. रस्ता बंद झाल्यावर एका बेटावरचा माल दुसऱ्या बेटावर जात नाही, मग तुमच्याकडे शंभर ट्रक असोत. म्हणजे प्रत्येक बेटावर आपला थोडा साठा आणि आपली दोन माणसं हवीत. दोनच का? एकाचा फोन बंद पडतो म्हणून.

ही माणसं कोण, यावर जरा थांबतो, कारण सगळे नवखे इथंच चुकतात. ते सरपंचाचा नंबर घेतात आणि खूश होतात. सरपंच हवाच, पोलीस पाटील, ग्रामसेवक, तलाठी, आशाताई हे सगळेच हवेत. पण आमच्या अनुभवात सगळ्यात उपयोगी माणूस म्हणजे गावच्या दूध संस्थेचा सचिव. त्याच्या दारात रोज सकाळ-संध्याकाळ निम्मं गाव किटली घेऊन उभं असतं. कुणाकडे किती जनावरं, कुणाची म्हैस गाभण, कुणाचा म्हातारा अंथरुणाला खिळलाय, कोण घर सोडून पाहुण्यांकडे गेलं, हे सगळं त्याला तोंडपाठ. २०२१ ला एका गावच्या सचिवानं मला फोनवर एकाही नावाला न अडखळता त्रेचाळीस घरांची यादी सांगितली, वर म्हणाला, "खालच्या आळीला पीठ पाठवू नका, चुली भिजल्यात. शिजवलेलं पाठवा." असा माणूस प्रत्येक गावात शोधा. मे महिन्यात जाऊन भेटा, चहा प्या, नंबर घ्या. पुरात पहिल्यांदा फोन करणाऱ्याला कोण ओळखणार?

जिल्हा प्रशासनाचा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७ वर असतो. तिथं आधीच जाऊन सांगा की आम्ही अमुक भागात, अमुक गावांसाठी, एवढ्या माणसांनिशी काम करणार आहोत. नाव नोंदवून ठेवलं की दोन मंडळं एकाच गावात आणि शेजारचं गाव उपाशी, हा प्रकार थोडा तरी टळतो.

पायरी तिसरी: माल गोळा करू नका, बाजूला काढायला सांगा

मे महिन्यात तांदळाची पोती विकत घेऊन तालमीत रचली तर ऑगस्टपर्यंत त्यात किडे आणि उंदीर. पूर आलाच नाही तर तांदळाचं करायचं काय, यावर भांडण. त्यापेक्षा दुकानदाराशी बोला. लक्ष्मीपुरीतला धान्याचा व्यापारी असो की हातकणंगल्याचा किराणा होलसेलर, बोलणी एकच: "जुलै-ऑगस्टात तुमच्याकडं वीस पोती तांदूळ आणि चार पोती डाळ कायम शिल्लक असू दे. आमची उचल झाली तर आजच्या नव्हे, त्या दिवशीच्या होलसेल दरानं बिल. नाही झाली तर तुमचा माल तुमच्याकडं." व्यापाऱ्याचं यात काहीच जात नाही, माल त्याच्याकडे फिरतच असतो. फक्त शेवटची वीस पोती तो विकत नाही. प्रत्येक बेटावर असा एक व्यापारी बांधून ठेवा. बोलणं तोंडी नको. चिठ्ठीवर दोघांच्या सह्या, आणि रात्री दुकान उघडायला कोण येणार त्याचा नंबर.

हेच मेडिकलवाल्याशी, पाण्याच्या जारवाल्याशी, मंडपवाल्याशी. मंडपवाल्याकडे ताडपत्री, सतरंज्या, मोठी पातेली, जनरेटर सगळं एकाच जागी मिळतं आणि पावसाळ्यात त्याचा धंदा थंड असतो. आचारीही त्याच्याच ओळखीचा निघतो.

जुने कपडे घेऊ नका. घ्यायचेच नाहीत, विषय संपला. शिरोळ तालुक्यातल्या एका शाळेत मी पाहिलंय: वर्गखोली खिडकीच्या गजापर्यंत कपड्यांनी भरलेली, खालचा थर ओला, दार उघडलं की भपकारा. चार पोरी नाकाला ओढणी बांधून निवडत होत्या. एकीनं ढिगातून जरीचा लग्नाचा कोट ओढून काढला, झटकला आणि विचारलं, "हा कुणाला देऊ?" बाहेर व्हरांड्यात एक बाई दोन तास बसून होती, तिला सॅनिटरी पॅड हवे होते, आणि ते सगळ्या शाळेत एकही नव्हतं. अंतर्वस्त्रं, पॅड, लहान मुलांचे लंगोट, चादरी, टॉवेल हे नवंच घ्या, पैसे जमवून घ्या.

पायरी चौथी: डोकी मोजा, मग पोती मोजा

अंदाजे माल पाठवू नका. दोनशे माणसांचं एक निवारा केंद्र धरा आणि हिशेब करा, पुढं गुणाकारच आहे. माणशी दिवसाला धान्य ४०० ग्रॅम धरलं तर दिवसाला ८० किलो, पाच दिवसांना ४०० किलो, म्हणजे २५ किलोची सोळा पोती. डाळ माणशी ६० ग्रॅम, पाच दिवसांची ६० किलो. तेल माणशी ३० ग्रॅम, म्हणजे ३० किलो. १५ किलोचे दोन डबे. मीठ, तिखट, हळद, चहा, साखर, दूध पावडर वेगळी. गॅसची टाकी किती पुरेल ते आचाऱ्याला विचारा, तुमच्या अंदाजानं धरू नका.

पाण्याचा हिशेब लोक विसरतात, कारण सगळीकडे पाणीच दिसत असतं. पिणं, स्वयंपाक, अंघोळ, धुणं मिळून माणशी १५ लिटर हे मदतकार्यातलं जगभरचं किमान माप आहे. दोनशे जणांना रोज ३,००० लिटर. त्यातलं पिण्याचं माणशी तीन लिटर धरलं तरी ६०० लिटर, म्हणजे २० लिटरचे तीस जार, रोज. संडास वीस माणसांमागे एक असावा. पहिल्या धांदलीत पन्नासांमागे एक चालवून घेतात, पण त्यापलीकडे लोक, विशेषतः बायका, पाणी पिणंच कमी करतात आणि आजारी पडतात.

शहरवाल्यांनाही यातून सुटका नाही. २०१९ आणि २०२१ ला शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडी इथली उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि ज्या पेठांत पुराचा थेंब आला नव्हता तिथंही नळ कोरडे पडले. टँकरपुढे घागरींची रांग होती आणि रांगेवरून भांडणं होती. आता काळम्मावाडीची थेट पाईपलाईन आलीय, पण उपसायला वीज लागतेच. एक बंद पडलं की दुसरं बंद पडतं, ही साखळी डोक्यात ठेवा. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये हिमवादळ आलं तेव्हा हेच झालं: थंडीनं गॅसचा पुरवठा गोठला म्हणून वीज गेली, वीज गेली म्हणून गॅस ढकलणारी यंत्रं थांबली, आणि मग पाण्याचे पंपही. तिथं बर्फ, इथं गढूळ पाणी. लाखो लोक पाणी उकळून पीत होते, तेही ज्यांच्याकडे शेगडी चालू होती ते. म्हणून आपल्या यादीत प्रत्येक वस्तूपुढे लिहा की ती चालायला आणखी काय लागतं. पाण्याला वीज, विजेला डिझेल, डिझेलला रस्ता. जिथं साखळी रस्त्यापाशी येऊन थांबते, ती वस्तू आधी पलीकडे.

पायरी पाचवी: गोदाम आणि थप्पी

जागा शाळा असो, मंगल कार्यालय असो की कुणाचं शेड, आधी २०१९ आणि २०२१ ची पाण्याची खूण विचारा. नदीकाठच्या बऱ्याच घरांच्या भिंतीवर ती रंगानं मारलेली असते. पाटबंधारे खात्याची निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा. गोदाम लाल रेषेच्या बाहेर हवं, आणि तिथं जाणारा रस्ताही. हा रस्ता बघायला विसरलेले मी ओळखतो, त्यातला एक मीच.

माल जमिनीवर ठेवायचा नाही. खाली फळ्या, फळ्यांवर ताडपत्री, मग थप्पी, आणि भिंतीपासून एक हात सोडून. पावसाळ्यात भिंत पाणी ओढते आणि भिंतीला टेकलेलं पीठ आतून गोळा होतं; वरून पोतं कोरडं दिसतं. पिठाऐवजी शक्यतो तांदूळच ठेवा. जुना माल पुढं, नवा मागं. साबण आणि फिनेल धान्याच्या शेजारी ठेवलंत तर पुढचे आठ दिवस लोक फिनेलच्या वासाचा भात खातील. आम्ही खायला घातलाय.

किट बांधणार असाल तर सगळ्या पिशव्या एकसारख्या. आमचं किट असतं: पाच किलो आटा, तीन किलो तांदूळ, एक किलो डाळ, एक लिटर तेल, एक किलो साखर, मीठ, चहा, तिखट, काडेपेटी, मेणबत्त्या, साबण. वजन साडेबारा किलोच्या आसपास. छोटा हत्ती पाऊण टन माल नेतो, म्हणजे साठ किट. तीनशे घरांना पाच खेपा. हे गणित आधीच झालेलं असलं की ऐन वेळी कुणी "एका गाडीत बसवू की" म्हणत नाही. गाडी भरताना शेवटी ज्या गावाला जायचंय त्याचा माल आधी चढवा, आणि प्रत्येक पोत्यावर गावाचं नाव ऑइल पेंटनं. कागद चिकटवू नका, पावसात सुटतो.

आवक-जावक रजिस्टर ठेवणारा माणूस एकच असू दे आणि तो मालाला हात लावणार नाही. सांगायला सोपं वाटतं. करून बघा, पहिल्याच तासात त्याला कुणीतरी पोती उचलायला बोलावतं. त्याला उठू देऊ नका. आत आलं काय, बाहेर गेलं काय, कोणत्या गाडीनं, कोण घेऊन गेलं, पलीकडे कुणाची सही. पलीकडची सही आल्याशिवाय त्या ओळीपुढे टिक नाही.

पायरी सहावी: गाडी, ड्रायव्हर, डिझेल

२०१९ ला रस्ते बंद झाल्यावर शहरातल्या पंपांवर इंधन संपत आलं आणि उरलेलं अत्यावश्यक गाड्यांसाठी राखलं गेलं. पाणी ३५ फुटांच्या पुढं चढायला लागलं की मदतीच्या सगळ्या गाड्यांच्या टाक्या फुल्ल करा. कॅनमधून इंधन साठवायच्या भानगडीत पडू नका, गोदामात धान्याशेजारी तर नकोच.

ड्रायव्हर त्या भागातलाच हवा. पाण्यातून जाणाऱ्या रस्त्याची कड फक्त त्यालाच माहीत असते. आणि त्यानं "गाडी जाणार नाही" म्हटलं की वाद नाही. वाहत्या पाण्यात गाडी घालायची नाही, मागं बसलेल्या कार्यकर्त्याला कितीही स्फुरण चढलं तरी. ट्रॅक्टर-ट्रॉली उंच असते म्हणून लोक तिच्यावर भरवसा ठेवतात, पण ट्रॉली प्रवाहात आडवी फिरते.

बोटीबद्दल थोडक्यात: ते तुमचं काम नाही. एनडीआरएफ, अग्निशमन दल, व्हाईट आर्मीसारखी शिकलेली पथकं ते करतात. आपल्याकडे पुरात गुळाची काहीलही होडीसारखी वापरतात, जुन्या माणसांना ते जमतं, तुम्हाला जमणार नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गावची बोट जास्त माणसं बसल्यानं उलटली आणि बायका-मुलांसह माणसं बुडाली. बोटीत जितकी लाइफ जॅकेट तितकीच माणसं, आणि पोत्यांचं वजन माणसांच्या जागी धरायचं, माणसांच्या वर जादा नाही.

पायरी सातवी: जनावरं

चिखली-आंबेवाडीची माणसं पूर आला की पहिली उठतात, आणि तिथले शेतकरी सगळ्यात आधी गोठा मोकळा करतात. मी कमरेएवढ्या पाण्यात म्हशीच्या गळ्यात हात टाकून उभा असलेला बाप्या पाहिलाय. पोरं "काका, चला" म्हणत होती, तो म्हणत होता, "हिला कुठं ठेवणार ते आधी सांगा." उत्तर आमच्याकडे नव्हतं. माणसांची सोय झाली, जनावरांची नाही, तर माणूस हलत नाही, आणि मग रात्री त्याच्यासाठी बोट पाठवावी लागते. म्हणून जनावरांची छावणी माणसांच्या छावणीपासून चालत जाण्याच्या अंतरावर हवी, सकाळ-संध्याकाळ धार काढता येईल अशी.

एका मोठ्या जनावराला दिवसाला पंधरा-वीस किलो ओली वैरण आणि पाच-सहा किलो सुकी धरा. ओली मिळत नाही, कारण ऊस पाण्याखाली आणि वाड्यावर, म्हणजे उसाच्या शेंड्यावर, चिखल. तो चारा घातला तर जनावर फुगतं. कडब्याच्या पेंढ्या आणि पेंड आधीच वरच्या गावात नेऊन ठेवा. पन्नास म्हशींना पाच दिवसांची नुसती सुकी वैरण दीड टन होते, म्हणजे छोट्या हत्तीच्या दोन खेपा वजनानं, पण कडबा जागा खातो म्हणून प्रत्यक्षात चार. दुधाचा टँकर फिरला नाही तर संकलन थांबतं आणि दूध ओतून द्यावं लागतं. छावणीत खवा करायला मोठी कढई असली तर निदान पोरांच्या तोंडात काही पडतं.

पायरी आठवी: औषधं

यादी आधी. आशाताईंकडून रक्तदाब, मधुमेह, फिट्स, हृदयविकार यांच्या रुग्णांची, दिवस भरत आलेल्या बायकांची आणि डायलिसिसवाल्यांची नावं घ्या. शेवटच्या दोघांना पाणी यायच्या आधी हलवायचं. डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा लागतं आणि रस्त्याची वाट बघत नाही. इतरांकडे पंधरा दिवसांच्या गोळ्या हव्यात आणि चिठ्ठीचा फोटो कुणाच्या तरी मोबाइलमध्ये. निवाऱ्यात म्हातारी माणसं अर्ध्या फाटलेल्या पट्ट्या दाखवतात, नाव नेमकं फाटलेल्या बाजूला. वीज नसेल तर इन्सुलिन मातीच्या माठात, ओल्या फडक्यात, सावलीला. काही दिवस निभावतं. चिखलातून फिरणाऱ्यांना लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस तापाचा) धोका असतो, त्यावरची गोळी आरोग्य केंद्रातून विचारूनच. पिण्याच्या पाण्याला मेडिक्लोर, म्हणजे क्लोरीनचे थेंब, टाकीला टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, आणि गावच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का त्याची तपासणी.

पायरी नववी: निरोप

"तातडीनं मदत हवी, जास्तीत जास्त शेअर करा" हा निरोप पूर ओसरून पंधरा दिवस झाले तरी फिरत असतो. २०१९ ला एका गावाला दुधाची गरज आहे असा निरोप गेला, आणि तिसऱ्या दिवशी तिथं इतकं दूध आलं की ठेवायला भांडी नव्हती. आपल्या प्रत्येक निरोपात चार गोष्टी हव्यातच: तारीख-वेळ, गाव, नेमकी वस्तू आणि संख्या, आणि "हा निरोप अमुक वेळेनंतर रद्द". गरज भागली की तोच माणूस दुसरा निरोप टाकेल: "भागलं, थांबा."

वीज गेली की मोबाइलचे टॉवर डिझेलवर चालतात, ते संपलं की गप्प. म्हणून आधीच ठरवा: फोन लागला नाही तर सकाळी आठ आणि संध्याकाळी पाचला अमुक ठिकाणी माणूस येईल. थोडी रोकड ठेवा, पन्नास-शंभरच्या नोटा. एटीएम आणि स्कॅनर दोन्ही बंद असताना हमालाला मजुरी द्यायची असते.

पायरी दहावी: पाणी ओसरल्यावर

इथं बहुतेक मंडळं घरी गेलेली असतात. कॅमेरेही. आणि खरी मागणी आत्ता सुरू होते, तीही वेगळीच. पूर असताना पहिले दोन दिवस शिजवलेलं अन्न लागतं. ते सुरू होईपर्यंत चुरमुरे, भडंग, गूळ-शेंगदाणे, चपाती-चटणी. तिसऱ्या दिवसापासून शिधा. पाणी उतरलं की खराटे, फावडी, घमेली, गमबूट, हातमोजे, ब्लीचिंग, फिनेल, चटया, पातेली, स्टोव्ह. घरात गुडघाभर गाळ असतो आणि बाई दारात उभी असते. तिला बिस्किटाचा पुडा देऊ नका, खराटा द्या. गाळ ओला असतानाच निघतो, चार दिवसांनी वाळला की कुदळ लागते. मोटारपंप आणि प्रेशर वॉशर भाड्यानं कुठं मिळतात ते आधीच विचारून ठेवा, त्या आठवड्यात सगळा जिल्हा तेच शोधत असतो.

दुकानदारांसाठीही आत्ताच सांगतो, कारण शाहूपुरीतल्या कुंभारांच्या गणपतीच्या मूर्ती २०१९ ला पाण्यात गेल्या तेव्हा गणेश चतुर्थी महिन्यावर होती. ज्याचा माल श्रावणात भरलेला असतो त्यानं वरच्या भागात जागा मे महिन्यातच ठरवावी, आणि हलवायला हमाल कोण, गाडी कुणाची, हे लिहून ठेवावं. ४० फुटांना गाडी शोधायला निघालं तर दुप्पट भाडं, ४३ ला गाडीच नाही.

मग हिशेब. किती पैसे आले, कशावर गेले, कोणत्या गावाला किती किट गेली, हे तालमीच्या भिंतीवर लावा, गणपती बसायच्या आत. उरलेला माल अंगणवाडीला द्या. लाइफ जॅकेट धुऊन सावलीत वाळवा. ओली गुंडाळली की बकलं गंजतात. दोऱ्या मोकळ्या करून टांगा. आणि ऑइल पेंटचा डबा घेऊन गोदामाच्या भिंतीवर या वर्षीची खूण मारा, शेजारी वर्ष लिहा. आमच्या गोदामात २०१९ आणि २०२१ च्या खुणा आहेत, त्यांच्यामध्ये वितीपेक्षाही कमी अंतर आहे. फळ्यांची मांडणी आता दोन्हींच्या वर, छातीच्या उंचीला केलीय. पोती चढवताना हमाल शिव्या घालतात.